आई-बाबा कॅल्गरीला येणार असतील तर...

शाळेत भूगोलाच्या पेपरात जोड्या लावायला एक प्रश्न हमखास असायचा. आशिया – स्टेप, दक्षिण अमेरिका – पंपास, आफ्रिका – व्हेल्ड, उत्तर अमेरिका – प्रेअरी. जगातले गवताळ प्रदेश, प्रत्येकी अर्धा मार्क. त्या अर्ध्या मार्काच्या प्रदेशात आपण नोकरीला जाऊ, घर घेऊ आणि एक दिवस आपले आई-बाबा तिथल्या विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून हात हलवत बाहेर येतील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

हल्ली बेळगावातून दर दोन-चार महिन्यांनी एखादा फोन येतो. "आमचा मुलगा कॅल्गरीला गेलाय, आम्ही उन्हाळ्यात जातोय, काय काय न्यायचं?" पूर्वी मी एक लांबलचक मेसेज तयार ठेवला होता, तोच पुढे पाठवायचो. पण त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नव्हती, कारण ती मलाच उशिरा कळली. म्हणून आता जरा सविस्तर लिहितो आहे.

शहर कसं आहे

कॅल्गरी हे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं सगळ्यात मोठं शहर. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर होती. पूर्वेकडून शेकडो किलोमीटर सपाट पसरत आलेली प्रेअरी इथे संपते आणि पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. बो आणि एल्बो या दोन नद्यांचा संगम शहराच्या मध्यात आहे. इथल्या मूळच्या ब्लॅकफूट लोकांनी या जागेला दिलेल्या नावाचा अर्थही 'कोपर' असाच आहे. १८७५ साली घोडदळ पोलिसांनी संगमावर किल्लेवजा ठाणं बांधलं आणि त्याभोवती आजचं शहर वाढलं.

उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,०४५ मीटर, म्हणजे बेळगावपेक्षा तीनेकशे मीटर जास्त. उंचीचा त्रास फारसा होत नाही, पण हवा अतिशय कोरडी आहे. पहिल्या आठवड्यात ओठ फुटतात, कधी नाकातून थोडं रक्त येतं. आमच्या बाबांच्या नाकातून रक्त आलं तेव्हा आईनं देव पाण्यात ठेवले होते. व्हॅसलीन, पाण्याची बाटली आणि रात्री खोलीत वाफ सोडणारं यंत्र, एवढ्यानं काम भागतं. नळाचं पाणी थेट प्यायला चांगलं असतं.

कधी यायचं

जून ते सप्टेंबर. जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. आईनं तिसऱ्या दिवशी विचारलं, "अरे, दिवेलागण करायची तरी कधी?" शेवटी घड्याळात सात वाजले की ती देवापुढे दिवा लावायची, बाहेर लख्ख ऊन असलं तरी. झोपेचं गणित मात्र बिघडतं. खिडक्यांना जाड पडदे लावून ठेवा. उन्हाळ्यात इथली वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, त्यामुळे घरी फोन करायला इथली सकाळ किंवा इथली रात्र बरी.

उन्हाळा म्हणजे सगळं छानच, असंही नाही. जून ते ऑगस्टमध्ये दुपारनंतर अचानक ढग येतात आणि गारा पडतात. बोराएवढ्या नव्हे, कधी कधी चेंडूएवढ्या. जून २०२० मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहराच्या उत्तर भागातल्या हजारो घरांच्या भिंती आणि छतं गारांनी चाळणीसारखी झाली. मोबाइलवर वादळाचा इशारा आला की घरात थांबायचं, 'बघू तरी' म्हणून अंगणात जायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वणव्याचा धूर. जंगलं शेकडो किलोमीटर लांब जळत असली तरी काही दिवस शहरावर धूर उतरतो. दमा असणाऱ्यांनी पंप जवळ ठेवावा आणि हवेच्या गुणवत्तेचा आकडा रोज पाहावा. तो १ ते १० असा असतो. सातच्या वर गेला की बाहेरचं फिरणं बंद.

हिवाळ्यात उणे तीसही पाहावं लागतं. मधूनच रॉकीवरून 'चिनूक' नावाचा कोरडा, उबदार वारा उतरतो आणि एका दिवसात तापमान वीस अंशांनी चढतं. पश्चिमेला ढगांची कमान दिसली की चिनूक आला असं समजायचं. अर्धशिशी असणाऱ्या काहींना त्या दिवशी त्रास होतो. पहिल्या भेटीला आई-बाबांना जानेवारीत बोलावू नका, एवढंच सांगेन.

विमानतळ आणि सामान

भारतातून येताना एकदा तरी विमान बदलावं लागतं. युरोपमार्गे आलात तर इमिग्रेशन कॅल्गरीतच होतं. टोरांटो किंवा व्हँकुव्हरमार्गे आलात तर ते तिथे होतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागू शकतं. हे आधी माहीत नसेल तर वयस्कर माणसं गोंधळतात. तिकीट काढतानाच व्हीलचेअरची विनंती नोंदवा. बाबा आधी "मी काय लंगडा आहे?" म्हणून रुसले होते. पण व्हीलचेअर ढकलणारा माणूस थेट पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेतो, रांगा आणि भाषा दोन्ही प्रश्न सुटतात. परत जाताना त्यांनी स्वतःच विचारलं, "खुर्ची सांगितलीस ना?"

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं इथे चालत नाहीत. खाण्याचे पदार्थ असतील तर घोषणापत्रात 'हो' लिहायचं आणि विचारलं की दाखवायचं. लपवलं तर दंड होतो. मांस, ताजी फळं, भाज्या, रोपं, बिया आणू नयेत. कुंद्याबद्दल प्रत्येकजण विचारतो. दुधाच्या पदार्थांवर निर्बंध असतात, त्यामुळे माझा सल्ला आहे की कुंदा बेळगावातच खाऊन या. चटण्या, मसाले, मेतकूट, भाजणी पुरेशी होते. डाळ, तांदूळ, पीठ, कढीपत्ता सगळं इथे ईशान्य भागातल्या भारतीय दुकानांत मिळतं, तेव्हा तेवीस किलोंच्या बॅगेत तूरडाळ भरू नका.

पत्ता म्हणजे आलेखावरचा बिंदू

टिळकवाडीत आपण पत्ता सांगतो तो असा: पहिल्या गेटजवळ, अमक्या डॉक्टरांच्या समोर, आंब्याचं झाड आहे ते घर. कॅल्गरीत यातलं काहीच चालत नाही. शहराचे चार भाग केलेले आहेत: ईशान्य, वायव्य, आग्नेय, नैर्ऋत्य. इंग्रजीत एन.ई., एन.डब्ल्यू., एस.ई., एस.डब्ल्यू. 'अॅव्हेन्यू' पूर्व-पश्चिम जातात, 'स्ट्रीट' दक्षिणोत्तर. दोन्हींना आकडे. घरक्रमांकातले शेवटचे दोन आकडे सोडले की उरलेला आकडा आडव्या रस्त्याचा. म्हणजे '१२१०, ८ स्ट्रीट एस.डब्ल्यू.' हे ठिकाण आठव्या स्ट्रीटवर, बाराव्या आणि तेराव्या अॅव्हेन्यूच्या मध्ये. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फार आवडतं. पण शेवटची दोन अक्षरं चुकली की संपलं. आई आणि तिची मैत्रीण जेवायला सतराव्या अॅव्हेन्यूला निघाल्या. जायचं होतं एस.डब्ल्यू.ला, टॅक्सीत पत्ता पडला एस.ई. तोही खाण्याच्या दुकानांचाच रस्ता आहे, त्यामुळे दोघींनी तिथे इथिओपियन जेवण जेवून घेतलं आणि मजेत परत आल्या. पण हिवाळ्यात, फोनची बॅटरी संपलेली असताना, हीच चूक मजेची राहिली नसती.

वस्त्यांमध्ये आणखी एक गोम आहे. एका वस्तीतल्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच शब्दानं सुरू होतात: टाराडेल ड्राइव्ह, टाराडेल क्लोज आणि पुढे बरंच काही. घरंही एकसारखी. बाबा पहिल्याच आठवड्यात सकाळी फिरायला गेले आणि आमचंच घर त्यांना सापडेना. बाहेर एकही माणूस नाही, चहाची टपरी नाही, विचारणार कुणाला? पाऊण तासानं त्यांना कचऱ्याचे डबे बाहेर काढणारा एक शेजारी भेटला. त्या दिवसापासून त्यांच्या खिशात इंग्रजीत पूर्ण पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेलं कार्ड असे. हे कार्ड पहिल्या दिवशीच करा.

फिरायचं कसं

शहरात 'सी-ट्रेन' नावाची विजेवर चालणारी रेल्वे १९८१ पासून आहे. लाल आणि निळा असे दोन मार्ग. विमानतळावर ती जात नाही. तिथून मध्यवस्तीत यायला ३०० क्रमांकाची बस आहे. एका तिकिटावर ९० मिनिटं बस आणि रेल्वे दोन्हींत फिरता येतं. तिकीट चार डॉलरच्या आसपास. स्टेशनला फाटक नसतं, कुणी अडवत नाही, पण मधेच तपासनीस येतात आणि तिकीट नसेल तर दंड मोठा असतो. मध्यवस्तीत सातव्या अॅव्हेन्यूवरच्या स्टेशनांमध्ये प्रवास फुकट आहे. आणि हो, डब्याचं दार आपोआप उघडेल म्हणून उभं राहू नका, दारावरचं बटण दाबावं लागतं. बाबांची पहिली गाडी यामुळेच सुटली.

आई-बाबांना एकट्यानं जाता येईल असा माझा आवडता दिवस सांगतो. सकाळी दहानंतर गर्दी ओसरली की सी-ट्रेननं मध्यवस्तीत यायचं. २०१८ मध्ये उघडलेलं मध्यवर्ती ग्रंथालय बघायचं. इमारतीच्या पोटातून रेल्वे जाते आणि वर लाकडी कमानींची सुंदर रचना आहे. प्रवेश मोफत, बसायला जागा, स्वच्छतागृह, वायफाय. मग 'प्लस फिफ्टीन'मध्ये शिरायचं. रस्त्यापासून पंधरा फूट उंचीवर इमारती जोडणारे हे काचेचे पूल १९७० पासून बांधले गेले. आज त्यांचं जाळं कित्येक किलोमीटरचं आहे. बाहेर उणे वीस असलं तरी आत स्वेटर काढून फिरता येतं. त्याच वाटेनं एका मॉलच्या चौथ्या मजल्यावरच्या डेव्होनियन गार्डन्स या बंदिस्त बागेत पोचता येतं, तीही मोफत. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काही पूल बंद असतात, म्हणून हा बेत कामाच्या दिवशीच करावा. पाय शाबूत असतील तर पुढे बो नदीकाठी प्रिन्सेस आयलंड पार्क आणि २०१२ चा लाल पीस ब्रिज. कॅल्गरी टॉवर १९१ मीटरचा आहे आणि वर काचेची जमीन आहे. त्याला मात्र तिकीट पडतं.

जुलैच्या सुरुवातीला दहा दिवस 'स्टॅम्पीड' असतो. १९१२ मध्ये सुरू झालेली ही काउबॉय जत्रा. गावभर फुकट पॅनकेक वाटतात. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवायचं, पॅनकेकमध्ये बहुतेक वेळा अंडं असतं आणि शेजारीच सॉसेज भाजत असतात. रोडिओ सगळ्यांना झेपेलच असं नाही. वासराला दोरी टाकून पाडताना पाहिलं आणि आई उठून बाहेर गेली. त्या दहा दिवसांत हॉटेलं महाग होतात, तेव्हा पाहुण्यांची तिकिटं त्या बेतानं काढा.

बॅन्फ राष्ट्रीय उद्यान पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर, दीड तासाचा रस्ता. लेक लुईझ त्याच्या पुढे पाऊण तास. मोरेन लेकला २०२३ पासून खासगी गाडी नेता येत नाही, बसचं आरक्षण आधी करावं लागतं आणि ते लवकर संपतं. अस्वल दिसलं तर किमान १०० मीटर अंतर, सांबरासारख्या एल्कपासून ३० मीटर. फोटोसाठी गाडीतून उतरायचं नाही. नातवंडं बरोबर असतील तर उलट दिशेला, ईशान्येकडे ड्रमहेलरचं रॉयल टिरेल संग्रहालय चुकवू नका. डायनासोरांचे खरे सांगाडे पाहून आमच्या बाबांनीही प्रत्येक फलक वाचला.

साठचा पाढा

पैशांबद्दल थोडं. दुकानातल्या चिठ्ठीवरच्या किमतीत कर नसतो, तो गल्ल्यावर वाढतो. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, त्यामुळे फक्त ५ टक्के. रोजच्या किराण्यावर बहुधा तोही नाही. हॉटेलात जेवल्यावर पंधरा टक्क्यांच्या आसपास टिप देण्याची पद्धत आहे. एक सेंटचं नाणं २०१३ पासून चलनात नाही, रोखीत हिशेब पाच सेंटांवर आणतात.

हे सगळं मी बाबांना समजावलं, पण ते प्रत्येक आकड्याला साठनं गुणायचे. एक कॉफी दोनशे चाळीस रुपये. केस कापायचे पंधराशे. "बेळगावात साठ रुपयांत होतात." आम्ही हसायचो. या गुणाकाराचं दुसरं टोक ऑक्टोबरमध्ये दिसलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिला बर्फ पडला. इथे बर्फ थांबल्यापासून २४ तासांत आपल्या घरासमोरचा पदपथ साफ करावा लागतो. मी कामात होतो. बाबांनी फावडं घेतलं. व्यायाम होतो म्हणाले. दुपारी ते जरा गप्प होते. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "त्यांच्या छातीत परवापासून दुखतंय. तुला सांगू नको म्हणाले."

मी ९११ ला फोन केला. रुग्णवाहिका आली, बाबा आत झोपताना मला पहिलं वाक्य म्हणाले, "याचे किती घेतात?"

सुदैवानं हृदयविकाराचा मोठा झटका नव्हता. हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत होता. औषधं बदलली, दोन रात्री ठेवून घेतलं आणि घरी सोडलं. बिलाचा आकडा मी बाबांना आजवर सांगितलेला नाही. मला वाटत होतं, विमा आहे. मीच काढला होता, दहा मिनिटांत, ऑनलाइन, सगळ्यात स्वस्त होता तो. विमा कंपनीनं दावा नाकारला. कारण पॉलिसीच्या आत लिहिलेलं होतं. आधीपासूनचा आजार प्रवासापूर्वी ठरावीक महिने 'स्थिर' असला पाहिजे. आणि निघण्याआधी तीन आठवडे बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला होता. डोस बदलला म्हणजे आजार स्थिर नाही. बाबांना हे सांगण्यासारखं वाटलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या अटी तपासणारा माणूस मी, चाळीस पानांची पॉलिसी न वाचता खालच्या चौकटीत टिक करून मोकळा झालो होतो. पैसे हप्त्यांनी फिटले. पण ते दोन दिवस मनातून जात नाहीत. वरच्या मजल्यावर मी मीटिंगमध्ये बोलत होतो आणि खालच्या खोलीत बाबा छातीवर हात ठेवून साठचा पाढा म्हणत होते.

म्हणून विम्याबद्दल नीट लिहून ठेवतो:

– पर्यटक म्हणून आलेल्या आई-बाबांना प्रांताची सरकारी आरोग्यसेवा मोफत मिळत नाही. रुग्णवाहिकेचंही बिल येतं.

– साध्या व्हिजिटर व्हिसावर एका वेळी बहुधा सहा महिने राहता येतं. 'सुपर व्हिसा'वर एका वेळी पाच वर्षांपर्यंत, पण त्याला किमान एक लाख डॉलर संरक्षणाचा, एक वर्षाचा आरोग्यविमा सक्तीचा आहे. साध्या व्हिसाला सक्ती नसली तरी विम्याशिवाय येऊ नये.

– आधीपासूनचे आजार धरणारी पॉलिसी घ्या आणि 'स्थिर' याची व्याख्या वाचा. किती दिवस, डोस वाढवणं-कमी करणं धरतात का, नवीन तपासणी सांगितली तर काय.

– निघण्याआधी सहा महिन्यांतल्या सगळ्या चिठ्ठ्या मागवा. आई-बाबांना "काही बदललं का?" असं विचारू नका, ते "काही नाही" म्हणतात. कागदच बघा.

– तिकीट काढल्यानंतर डॉक्टरांनी औषध बदललं तर विमा कंपनीला लगेच कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

– तातडीचं नसेल तर ८११ वर चोवीस तास परिचारिका फोनवर सल्ला देतात, दुभाषा मागता येतो. छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, यासाठी थेट ९११.

– हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसाच्या हाती बर्फाचं फावडं देऊ नका. थंडीत ते काम हृदयावर फार ताण आणतं.

आणि शेवटची गोष्ट कुठल्याही पॉलिसीत नसते. आल्या दिवशीच, जेवायला बसल्यावर, दोघांना स्पष्ट सांगा की दुखलं-खुपलं तर लगेच सांगायचं, खर्चाचं गणित आमचं आहे. एकदा सांगून भागत नाही. मी आता दर रविवारी सांगतो.

येत्या जूनमध्ये ते पुन्हा येत आहेत. या वेळी पॉलिसी बायकोनं आणि मी दोघांनी वाचली, न कळलेल्या अटींची यादी करून कंपनीला पाठवली, त्यांचं उत्तर छापून फ्रिजवर लावलं आहे. शेजारी पत्त्याचं कार्डही तयार आहे. परवा बाबांचा फोन आला होता. व्हिसा आला म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "गोळी बदललेली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पाठवतोय, बघून घे." आणि लगेच पुढे, "बाकी डॉलर कितीवर आहे सध्या?"